नावं न ठेवणारे काशीमामा

उमरोळीत नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात फसतो. सकाळची वेळ असते, तो पिशवी घेऊन घाईघाईने निघालेला असतो, आणि आमच्या आळीतून खणखणीत आवाज येतो, "मनोर, मनोर, मनोऽर! चला, उतरा लवकर!" माणूस थबकतो. इथून थेट मनोरला गाडी कधी सुरू झाली? तो आवाजाच्या दिशेने पळत येतो. बघतो तर गाडीचा पत्ता नाही. कौलारू घरासमोर खाकी अर्धी चड्डी घातलेले एक उंच, वाळकुडे गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे, आणि पाण्याच्या टाकीवर एक काळी कुत्री पाय पसरून निवांत बसलेली. ती कुत्री म्हणजे मनोर.

मागे एकदा तर नाक्यावर उभं असलेलं अख्खं वऱ्हाड बोचकी, पेट्या आणि एका जाडजूड आजीबाईंसकट धावत आलं होतं. आजीबाई धापा टाकत म्हणाल्या, "गाडी कुटं हाय?" गृहस्थांनी टाकीकडे बोट दाखवलं. "ही काय. पण ती तुमाला नेणार नाय." मग त्यांनीच आजीबाईंना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, कुठली गाडी कुठून पकडायची ते सांगितलं आणि नाक्यापर्यंत बोचकीही उचलून नेली.

हे काशीमामा. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला इतकंच, कंडक्टरपण काही उतरलं नाही. मी त्यांची शेजारीण. मधे एक जास्वंदीचं कुंपण आहे, आणि ते मी मुद्दामच फार वाढू देत नाही. पालघरच्या एका शाळेत मी कारकून आहे. आमचे हे तारापूरला कारखान्यात पाळ्यांमध्ये असतात, त्यामुळे त्यांची झोप दिवसा. काशीमामांच्या आरोळ्यांनी ती मोडते, आणि ती मोडली की त्याचं खापर माझ्यावर फुटतं. एवढं सगळं असून मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, यावरून काय ते समजा.

मामांचा उद्योग असा. कुणी दवाखान्यात दाखल होतं, कुणाचं घर पडतं, कुणाला गावी मयताला जावं लागतं, कुणाला घरमालक बाहेर काढतो. माणसांची सोय कशीतरी होते. बहीण असते, देऊळ असतं, दवाखान्याचा व्हरांडा असतो. पण घरातल्या कुत्र्यामांजराचं काय? ते काशीमामांच्या पडवीत येतं. मालकाची अडचण संपेपर्यंत राहतं आणि परत जातं. मामा त्याचा एक छदामही घेत नाहीत. आमच्या ह्यांचं मत असं, की निवृत्त माणसाने पत्ते खेळावेत.

जनावर घेऊन कुणी दारात उभं राहिलं की मामा दोनच प्रश्न विचारतात. "कुठून?" आणि "कुठवर?" पहिल्याचं उत्तर गावाचं नाव, आणि तेच त्या जनावराचंही नाव होतं. मनोरहून आली ती मनोर. घिवलीहून आली ती घिवली. बोईसरहून एकाच वेळी दोघं आले तेव्हा एक झाला बोईसर पूर्व आणि दुसरी बोईसर पश्चिम. खुद्द आमच्या गावातला एक बोका आला, त्याला मामा 'लोकल' म्हणायचे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं नाना तऱ्हेची असतात. टाके निघेपर्यंत. कोर्टाची तारीख होईपर्यंत. घरावर पत्रे चढेपर्यंत. तिसरा प्रश्न म्हणजे 'का?', आणि तो मामांकडे नाहीच. मी एकदा म्हटलं, "अहो, निदान विचारावं तरी." तर म्हणाले, "वयनी, पॅशिंजर उरसाला चाललाय का मयताला चाललाय, कंडक्टरला काय करायचा हाय? तिकिटावर गाव छापतात. कारण नाय छापत."

"बरं, मग निदान त्यांना त्यांच्या नावाने तरी हाक मारा. टॉमी, मोती, काय असेल ते."

"त्यांचा नाव त्यांच्या घरी हाय. तो मी वापरला की लळा लागतो. आणि मी दुसरा ठेवला की मी मालक झालो. कंडक्टर कधी गाडीचा मालक असतो का?" मग त्यांनी छाती पुढे काढून त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "आपण कोणाला नावं ठेवत नाय."

आता बघा. उमरोळीत राहून कोणाला नावं ठेवायची नाहीत! संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही बायका दुसरं करतो तरी काय? मी स्वतः त्या कामात चांगली तरबेज आहे. दारू सोडवायच्या केंद्रात दाखल झालेल्या एका माणसाची बकरी मामांकडे आली, तेव्हा मीच म्हटलं होतं, "पिऊन पिऊन घर धुळीला मिळवलं, आणि आता याची बकरी लोकांनी सांभाळायची!" मामा बकरीपुढे पाला टाकत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बकरी पीत नाय ना, वयनी?"

मामांची पडवी म्हणजे बिनचाकांची गाडीच. भिंतीवर त्यांनी रंगाने लिहिलंय, 'खिडकीबाहेर डोके काढू नये'. त्याच खिडकीतून मुक्कामाला आलेला बोकड डोकं काढून माझी जास्वंद खातो. एका कोपऱ्यावर लिहिलंय 'महिलांसाठी राखीव', तिथे मांजरी. आढ्याला एक दोरी बांधली आहे, तिच्या टोकाला घंटा. एकदा वाजवली की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. दोनदा वाजवली की जेवण. एका घंटेला आजवर कोणीही थांबलेलं मी पाहिलेलं नाही. दोन घंटांना मात्र सगळे झाडून येतात.

हा उद्योग सुरू झाला तोही गाडीतूनच. मामांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांत मनोरहून पालघरकडे येणाऱ्या गाडीत एका म्हाताऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी चढवलं होतं, आणि त्याची कुत्री गाडीमागे धावत सुटली होती. म्हातारा काचेतून मागे बघत होता. मामांनी घंटी मारली, गाडी थांबवली, कुत्री आत घेतली आणि आपल्या पायाशी बसवली. लोक कुरकुरले. मामा म्हणाले, "हाफ तिकीट हाय तिचा." म्हातारा बरा होऊन घरी जाईपर्यंत ती या पडवीत राहिली. ती पहिली मनोर. आता टाकीवर बसते ती कितवी, कोण जाणे.

घिवलीची मांजर आली तो काळ तर आमच्या घराच्या इतिहासात सोन्याने लिहावा असा. तिथल्या एका कोळणीच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती मांजर सोडून गेली. मामांनी बोईसरच्या बाजारातली मांदेली आणून पुढे ठेवली. मांजरीने हुंगली आणि मग पंजाने माती ओढल्यासारखं करून चक्क झाकायला लागली. घाण झाकतात तशी! रोज होडीवरचं ताजं म्हावरं खाल्लेली ती, तिला आमचा बाजार काय लागतो. मामा मात्र खूश झाले. "आराम गाडीचा पॅशिंजर हाय," म्हणाले, आणि सकाळच्या एसटीने घिवलीला जाऊन त्या कोळणीच्या जावेकडून ताजं म्हावरं आणायला लागले. आमच्या ह्यांनी लगेच कुंपणापलीकडे हाक मारली, "मामा, जातच आहात तर आमच्यासाठीपण!" तो महिना आम्ही काय जेवलो म्हणून सांगू! मांजर परत गेली त्या दिवशी आमचे हे हळहळले. ते जनावरांसाठी हळहळलेले मी तेवढं एकदाच पाहिलं.

बोईसर पूर्व हा एका उत्तरेकडच्या कामगाराचा कुत्रा. मालक स्कूटरवरून पडून पाय मोडून बसला होता. कुत्र्याला फक्त हिंदी कळायची. मामा त्याच्याशी आपल्या कंडक्टरी हिंदीत बोलायचे, "ए बोईसर, उदर दारमे कायकू बैठा? पीछू सरको, पीछू जगा हाय!" कुत्रा गोंधळून गोल फिरायचा. शेवटी हिंदी कोणाचीच सुधारली नाही, कुत्र्यालाच मराठी आली. मालक कुबडी टेकत न्यायला आला आणि प्रेमाने म्हणाला, "बैठ!" कुत्रा ढिम्म. त्याने मामांकडे बघितलं. मामा ओशाळून हळूच म्हणाले, "बस रे." कुत्रा बसला. मालक पोट धरून हसला. "मामा, अब घर जाके मुझेच मराठी बोलना पडेगा!"

बोईसर पश्चिम आली ती मात्र हसत आलेली नव्हती.

दुपारची वेळ होती. रिक्षातून एक तरुण बाई उतरली. हातात एकच पिशवी, आणि कुत्रीच्या गळ्यात पट्ट्याऐवजी तिची ओढणी. ओठ फुटलेला होता. मी जास्वंदीपाशी उभी होते. कळ्या मोजत होते असं समजा.

"कुठून?" मामांनी विचारलं.

"बोईसर. पश्चिमेला राहतो. म्हणजे, राहत होते."

"कुठवर?"

तिला उत्तर देता येईना. चिल्लर सापडत नसलेल्या बाईसाठी कंडक्टर जसा थांबतो तसे मामा थांबले. मग म्हणाले, "शेवटच्या थांब्याचा फाडतो. आधी उतरायचा झाला तर उतरा. काय बिघडत नाय."

त्यावर ती रडली. कुत्रीला पोटाशी धरून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मामा, हिचं नाव..." मामांनी हात वर केला. "नको सांगू. तुज्याकडंच ठेव. परत नेशील तेवा लागेल."

मामा विचारत नाहीत, म्हणून कोणीतरी विचारायला हवं. ते मी विचारलं. तिचं नाव वैशाली. माहेर जळगावकडचं, आईवडील नाहीत. नवरा मारायचा. त्या दिवशी कुत्री मधे पडली तर त्याने तिलाही लाथ घातली, आणि स्वतःसाठी जे वैशालीला कधी जमलं नव्हतं ते कुत्रीसाठी जमलं. ती घराबाहेर पडली. पालघरला बायकांच्या एका निवाऱ्यात तिला जागा मिळाली, पण तिथे जनावर चालत नव्हतं. एका बेकरीत काम मिळालं. आता खोली शोधायची आणि कुत्रीला न्यायचं, एवढा एकच बेत तिने डोक्यात धरला होता. "तिला नेलं नाही ना ताई, तर मी पण गेल्यासारखीच," ती मला म्हणाली.

ती रोज फोन करायची. मामा फोन कुत्रीच्या कानाला लावून धरायचे, आणि आपल्या दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कानात घालून तोंड फिरवून उभे राहायचे. नाव ऐकू येऊ नये म्हणून! तो देखावा बघून आमच्या आळीतली पोरं लोळायची. कुत्रीचं शेपूट मात्र फोन संपल्यावरही हलत असायचं.

आणि एका रविवारी नवरा आला. पत्ता त्याला कुठून लागला, कोण जाणे.

मी मिरच्या वाळत घालत होते. मोटारसायकल दारात लावून तो सरळ पडवीत शिरला. "माझी कुत्री आहे इथे. घेऊन जायला आलोय. आणि तिला ठेवून गेली ती कुठे आहे?"

"कुठून आलात?" मामा म्हणाले.

"बोईसर."

"कुत्रीचा नाव काय?"

"टिकली."

"टिकली नावाचा इथं कोण नाय," मामा म्हणाले. आणि ते काही खोटं बोलत नव्हते. त्या माणसाने हाक मारली, "टिकली! ए टिकले!" कुंपणापलीकडे माझ्या हातातल्या मिरच्या तशाच राहिल्या. कारण मला दिसत होतं. तपकिरी कुत्री कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट भाताच्या कणगीमागे सरकत होती, आणि कणगीखालून ओल पसरत चालली होती.

मामांनीही पाहिलं असणार. ते कणगीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "हाक मारून बघितलीत ना? कोण ओ देत नाय. मंग?"

"बायको कुठंय माझी?"

"आमी तिकीट देताना बायकोचा पत्ता ठेवत नाय."

त्याने मामांची बंडी पकडली. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी हात लांब करून दोरी ओढली. टण टण! दोन घंटा! आणि तो माणूस नेमका उभा होता तो ताटल्यांपाशी. टाकीवरून मनोर उडी मारून आली, बोकड खिडकीतून डोकं सोडवून आला, राखीव जागेतल्या महिला आल्या, बकरी आली. सगळे त्याच्या पायांत, अंगावर. त्यांना बिचाऱ्यांना फक्त जेवायचं होतं. पण त्याला ते कोण सांगणार? एक चप्पल आमच्या अंगणात टाकून तो गेला. मामा मागून ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा हाय!" दुसऱ्या दिवशी वैशालीने निवाऱ्यातल्या ताईंबरोबर जाऊन पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा साक्षीला मी गेले आणि ती चप्पल पुराव्यासाठी बरोबर नेली. त्यानंतर तो उमरोळीत दिसला नाही.

पण त्या दिवशी दोन घंटांना कुत्री बाहेर आली नाही. मामा कणगीपाशी जमिनीवर बसून राहिले. हात लावत नव्हते, बोलतही नव्हते. उन्हं कलल्यावर तिने आपणहून त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवली. मात्र त्यानंतर तिने भुंकणं सोडलं. कोणी आलं तरी नाही, मनोरने ताटलीत तोंड घातलं तरी नाही.

खोली मिळत नव्हती. 'एकटी बाई' म्हटल्यावर निम्मे नको म्हणायचे, 'आणि कुत्री' म्हटल्यावर उरलेले. त्यातच केळव्याकडे बंगला बांधलेले मुंबईचे एक गृहस्थ आले. त्यांना कुत्री आवडली. कायमची न्यायला तयार होते. मोठं आवार, गडीमाणूस, सगळं होतं. वैशालीला फोनवर सांगितलं तर तिने आधी आवार किती मोठं ते विचारलं. मग म्हणाली, "देऊन टाका, मामा. तिला तरी अंगण मिळेल. माझं काय खरं नाही."

मलाही वाटलं, द्यावी. तसं मी बोललेही. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विनातिकीट सापडले होते. "पॅशिंजरला झोप लागली म्हणून त्याला वाटेत उतरवायचा नसतो, वयनी." आणि त्या बंगलेवाल्यांना त्यांनी चहा न विचारता वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी जुना खाकी गणवेश काढला, इस्त्री केली आणि पालघर डेपोच्या कँटीनमध्ये जाऊन बसले. जो जो कंडक्टर चहाला आला त्याला एकच काम सांगितलं. त्या आठवड्यात मी स्वतः ऐकलंय, बोईसरच्या गाडीत तिकिटं फाडणारा पोरगेला कंडक्टर म्हणत होता, "सुट्टे काढा, सुट्टे! आणि कुत्री चालेल अशी खोली कोणाकडे असली तर सांगा!" मनोरच्या गाडीतही तेच, सफाळ्याच्या गाडीतही तेच. असल्या कामाचा हुकूम काही त्यांना वरून आलेला नव्हता.

आणि खोली निघाली. पालघरला एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहायच्या. घरामागे दोन खोल्या रिकाम्या. शेजारी चोरी झाल्यापासून त्या धास्तावल्या होत्या. "कुत्री चालेल काय, हवीच आहे," म्हणाल्या. "फक्त भुंकणारी पाहिजे. मी येऊन बघेन."

झाली का पंचाईत! त्यांना यायला मधे थोडे दिवस होते. मामा कुत्रीसमोर उकिडवे बसून स्वतः भुंकायला लागले. "भौ! आता तू. भौ!" कुत्री मान तिरकी करून ऐकायची, जणू मामांनाच काहीतरी होतंय. मनोर भुंकायला लागली, बोकड ओरडायला लागला, आमचे हे रात्रपाळीहून येऊन झोपलेले ते उठून ओरडायला लागले. बोईसर पश्चिम मात्र गप्प.

नर्सबाई आल्या. स्थूल, करड्या आवाजाच्या. ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. भुंकू दे." मामांनी काठी आपटली. थाळी वाजवली. माझ्याकडून फाटकाबाहेरून चोरासारखं आत यायचं नाटक करून घेतलं. डोक्यावरून पदर घेऊन मी चोर झाले, आणि कुत्रीने शेपूट हलवून माझं स्वागत केलं. शेवटी घामाघूम झालेले मामा स्वतःच भुंकले आणि त्यांना ठसका लागला.

"तुम्हाला ठेवायचं नाहीय मला," नर्सबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या.

मामांचा चेहरा बघवत नव्हता. एवढा उंच माणूस, पण खांदे पडले. "बाई, पाच मिनटं बसा," ते म्हणाले. "तिची मालकीण येतेय बेकरीतून. निदान तिला तरी बघा." बाईंनी घड्याळ पाहिलं. बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. वैशाली. अंगावर पिठाचे डाग, स्टेशनपासून पळत आलेली. ती आत पाऊल टाकते न टाकते तोच कुत्रीने असा काही आवाज काढला की मी दचकून तुळशीकट्ट्यावर बसले. एकदा नाही, भुंकतच राहिली. भुंकत भुंकत तिच्या अंगावर, पुन्हा खाली, पुन्हा वर. बाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली. वैशाली खाली बसून तिला कवटाळून "टिकले, टिकले" म्हणत होती, आणि मामा या खेपेला कानात बोट घालायला विसरले.

नर्सबाईंनी पर्स पुन्हा काखेत मारली. "आवाज बरा आहे," म्हणाल्या. "एक तारखेपासून या."

कुत्री गेली तेव्हा तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रिक्षा हलली तशी मामांनी एसटी सोडताना देतात तशा दोन घंटा दिल्या आणि वळून ताटल्या धुवायला बसले. रडले कोण, तर मी. "मागं बघितला नाय," मामा समाधानाने म्हणाले. "चांगला उतरली."

मग बरेच दिवस गेले. मला मात्र राग यायचा. म्हटलं, "एवढं केलंत, पण उलटून कोणी येत नाही. तो मनोरचा म्हातारा नाही, तो हिंदीवाला नाही. ती वैशालीसुद्धा! फोन तरी करावा माणसाने."

मामा बोकडाच्या शिंगात अडकलेली दोरी सोडवत होते. "वयनी, दुखण्यातून उठलेला माणूस दवाखान्यासमोरून जाताना तोंड फिरवून जातो. मी त्यांचा दवाखाना. मला बघितला की त्यांना ते दिवस आठवतात. नाय आले म्हंजे बरे हायत." ते हसत म्हणाले, पण मला वाईट वाटलं. आमच्या ओट्यावर माणसांची ये-जा असते. त्यांच्याकडे आजवर जो आला तो काहीतरी सोडायला नाहीतर न्यायला. नुसता बसायला कोणीच आलेला मला आठवेना. आणि शेजारीण असून मीदेखील कुंपणाच्या अलीकडूनच.

मागच्या रविवारी सकाळी फाटक वाजलं. बघते तर वैशाली, हातात बेकरीचा खोका, आणि नव्या लाल पट्ट्यात टिकली. मामा ओट्यावरून ताडकन उठले. चेहरा पडला होता.

"काय झाला? खोली गेली? तो आला होता का परत?" आणि सवयीने, "कुठवर ठेवायची?"

"काही नाही झालं, मामा," वैशाली म्हणाली. "असंच आलो. सुट्टी होती."

मामांनी खोक्याकडे पाहिलं, टिकलीकडे पाहिलं. मग एकदम, "बस, बस," म्हणत आत गेले, तसेच मागच्या दाराने निघाले आणि कुंपण ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वयनी, दोन कपबशा द्या. माज्याकडं एकच हाय."

मी काचेच्या कपाटातल्या, सोनेरी काठाच्या काढल्या. त्या हातात घेऊन ते तिथेच घुटमळले. मग अगदी हळू आवाजात, कोणी ऐकू नये असं विचारलं, "असंच आलेल्याला काय देतात?"

"चहा देतात, मामा."

"आणि मंग?"

"मग म्हणायचं, आता जेवूनच जा."

ते मान हलवत निघाले. कुंपण ओलांडताना पुटपुटत होते, "जेवूनच जा. जेवूनच जा." मी जास्वंदीपाशी गेले. या वेळी कळ्या मोजायचं सोंगही केलं नाही. मामांनी कपबशा ओट्यावर ठेवल्या, पाठ ताठ केली, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "जेवूनच जायचा!"

टिकली दचकून भुंकली. वैशाली हसली आणि म्हणाली, "बरं मामा. भाजी मी चिरते."